खेळाचें स्वत्व

एखाद्या कृतीचें नांव, तिचे नियम आणि तिचा प्राण हीं तीन एकच होत, असें आपण सहसा गृहीत धरतों. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाहीं. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचलेल्या या खेळाचीं पुस्तकें १९७४ सालीं निघालीं. चारसहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग वर्णितो, खेळाडू आपलें पात्र काय करील तें सांगतात, आणि यशाविषयीं संशय असेल तेथें फासा निकाल देतो.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें नियमांची घडी इतकी बदलली कीं, हा आपला खेळच नव्हे, असें कित्येक जुने खेळाडू म्हणूं लागले. पुढच्याच वर्षीं ‘पेझो’ या दुसऱ्या संस्थेनें मागील नियमांवर रचलेला ‘पाथफाइंडर’ बाजारांत आणला. नांव एकाकडे राहिलें, नियम दुसऱ्याकडे गेले. मग खरा वारस कोणता?

केवळ नियमांत प्राण शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. २००० सालापूर्वीं चिलखताचा आंकडा जितका लहान तितकें संरक्षण अधिक. त्या सालच्या आवृत्तीनें नेमकें उलट केलें. तरी खेळ जिवंतच राहिला.

बुद्धिबळांतील घोडा अडीच घरांपलीकडे जात नाहीं. येथें मात्र खेळाडू म्हणतो, “जिन्यावर दिव्याचें तेल ओततों व पेटवून देतों.” पुस्तकांत अशी चाल नसली तरी तेवढ्यावरून सूत्रधारानें ती नाकारावयाची नसते, तिचा परिणाम काय, हें त्यानें ठरवावयाचें असतें. मोकळी इच्छा व अज्ञात निकाल यांची ही गांठ, हेंच आमच्या मतें या खेळाचें स्वत्व होय.

या कसोटीवर चौथ्या आवृत्तीचा दोष दिसतो. पात्राच्या शक्तींची छापील यादी पुढें असल्यामुळें खेळाडूची दृष्टि प्रसंगाऐवजीं यादीकडे वळे. परंतु नियमांत न बसणाऱ्या कृतींचा निवाडा कसा करावा, हेंही तिच्या सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथांत सांगितलें होतें. तेव्हां तिला सरसकट परकी ठरविणें अन्यायाचें आहे. उलट, जुनेच नियम पाळणारा सूत्रधार आवडता नायक वांचावा म्हणून फासा लपवूं लागला, तर तेथें कथाकथन उरतें, खेळ उरत नाहीं.

हें लक्षण ‘पाथफाइंडर’लाही लागू पडतें, असा आक्षेप कोणी घेईल. आमचेंही म्हणणें तेंच आहे. हा वारसा नांवानें मिळत नाहीं आणि पोथीनेंही मिळत नाहीं. पुढें काय होणार हें मेजाभोंवतीं बसलेल्या कोणालाच, अगदीं सूत्रधारालाही, ठाऊक नसतें, तेथेंच तो नांदतो.