परवाना कोणत्या भाषेचा?

जपानी ॲनिमेचे हौशी अनुवाद करणाऱ्या मंडळींनी स्वतःवर एक नियम घालून घेतला आहे. एखाद्या कृतीचा अधिकृत परवाना आपल्या देशात कोणी घेतला, की तिच्या हौशी अनुवादित प्रती वाटणे बंद करावयाचे, असा हा नियम. विद्यार्थ्यांच्या तोंडी तो वारंवार येतो. कधी समर्थनार्थ, कधी उपहासाने. तो मुळात योग्य आहे, परंतु ज्या भाषिक परिस्थितीत तो जन्मला तीहून सर्वस्वी भिन्न परिस्थितीत आपण तो जसाच्या तसा उचलला, आणि त्यामुळे त्यातील नैतिक आशय बाजूला राहून केवळ शब्द उरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नियमाचे जन्मस्थान अमेरिका. १९८० नंतरच्या दोन दशकांत तेथील रसिकमंडळे व्हिडिओ कॅसेटवर स्वतःची इंग्रजी सबटायटले उमटवीत. मागणाराने कोरी कॅसेट व परतीचा टपालखर्च पाठवावा, मंडळाने प्रत करून द्यावी, असा व्यवहार असे. प्रतीवर ती विकण्यासाठी वा भाड्याने देण्यासाठी नाही अशी सूचना असे, आणि परवाना जाहीर झाला की वाटप थांबविण्याचा संकेत असे. हा संकेत सर्वांनी पाळला असे नव्हे. तथापि तो मोडणाऱ्यालाही आपण काही मोडीत आहोत याची जाणीव होती, आणि नीतिविचाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. त्यामागील युक्तिवाद सरळ होता. जोवर ती कृती इंग्रजीत मिळण्याचा मार्गच नाही तोवर आमच्या प्रतीने कोणाच्या पदरचे जात नाही. मार्ग निघाला की जाते.

या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. अमेरिकेत परवान्याचा प्रदेश आणि परवान्याची भाषा या दोन गोष्टी व्यवहारतः एकच होत्या. परवाना अमेरिकेचा म्हणजे अनुवाद इंग्रजी, आणि हौशी अनुवादही इंग्रजीच. म्हणून 'आपल्या देशात परवाना आला' आणि 'आपल्या भाषेत अनुवाद आला' ही दोन विधाने तेथे एकमेकांच्या जागी वापरता आली.

भिवंडीत ती तशी वापरता येत नाहीत. यंत्रमागांच्या या गावात उर्दू बोलणारा विणकर समाज आहे. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली कुटुंबांची तेलुगू पद्मनगरात आजही ऐकू येते. उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी आहे. भोवतालच्या गावांतून आगरी बोली व प्रमाण मराठी आहे. महाविद्यालयातील एका बाकावर यांतील तीन भाषा सहज बसतात. क्रंचिरोल ही ॲनिमे दाखविणारी कंपनी भारतातील प्रेक्षकांसाठी हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषांत ध्वनिरूपांतरे करू लागली, तेव्हा या बाकावर काय घडले ते पाहावे. पद्मनगरच्या मुलाला त्याच्या घरची भाषा मिळाली. त्याच्या शेजारच्या, याच राज्याची राजभाषा बोलणाऱ्या मुलाला मिळाली नाही. उर्दू माध्यमातून शिकलेल्यालाही उर्दू लिपीतील ओळी मिळाल्या नाहीत. परवाना मात्र तिघांच्याही देशात आला आहे. नियमाचे शब्द तिघांना सारखेच लागू होतात, त्याचे कारण फक्त एकालाच लागू होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम' हा युगो साको आणि राम मोहन यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेला, १९९३ च्या सुमाराचा जपानी-भारतीय चित्रपट. त्या काळी भारतात त्याचे व्यापक प्रदर्शन झाले नाही. पुढे तो दूरचित्रवाणीवर दिसला, आणि नंतरची अनेक वर्षे प्रामुख्याने अनधिकृत प्रतींच्या आधारे जगला. ज्यात अरुण गोविल यांच्या आवाजात राम आणि अमरीश पुरी यांच्या आवाजात रावण बोलतो ते हिंदी ध्वनिरूपांतर एका पिढीच्या कानांत बसले. २४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगू व इंग्रजी या भाषांत भारतातील चित्रपटगृहांत अधिकृतपणे आला, आणि त्यासाठी हिंदी ध्वनिमुद्रण नव्याने करण्यात आले. येथे प्रश्न हौशी अनुवादाचा नसून केवळ प्रती वाटण्याचा आहे, हे मान्य. पण परवान्यानंतरच्या वाटपाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो ते यातून दिसते. जुन्या आवाजांवर प्रेम करणारा मनुष्य नवी प्रत विकत घेऊनही ते आवाज मिळवू शकत नाही. आणि ज्या भाषेत रामकथा ओवीत, अभंगात, कीर्तनात आणि गीतांत अखंड वाहत आली, त्या मराठीत हा राम अद्याप बोललेला नाही.

अनुवादाच्या हक्काचा घटक देश मानावा की भाषा, हा प्रश्न नवा नाही. कायद्याने त्याला एकदा स्पष्ट उत्तर दिले होते. १९१४ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अनुवादाचा एकाधिकार लेखकाला प्रसिद्धीपासून दहा वर्षेच लाभत असे. त्या मुदतीत त्याने स्वतः किंवा त्याच्या अनुमतीने दुसऱ्याने एखाद्या भाषेत अनुवाद प्रसिद्ध केला, तर त्या भाषेपुरता हक्क पुढेही टिके. इतर भाषांची दारे उघडत. म्हणजे बंगालीतील कादंबरीचा हिंदी अनुवाद निघाला म्हणून मराठी अनुवादकाचे हात बांधले जात नसत. १९५७ च्या कायद्याने हा दहा वर्षांचा नियम गेला. परंतु कलम ३२ मध्ये त्याची आठवण राहिली. सात वर्षांत एखाद्या भाषेत अनुवाद निघाला नाही, तर मोबदला देऊन त्या भाषेतील अनुवादाचा परवाना मागता येतो. भारतीयेतर ग्रंथांसाठी, अध्यापन व संशोधन यांच्या प्रयोजनार्थ, ही मुदत १९८३ च्या दुरुस्तीने तीन वर्षे केली.

याहून बोधप्रद इतिहास खुद्द जपानचा आहे. बर्न करारात १८९९ साली दाखल झालेल्या जपानने अनुवादासंबंधीची दहा वर्षांची सवलत आपल्यापुरती राखून ठेवली होती. परकीय ग्रंथाचा अधिकृत जपानी अनुवाद दहा वर्षांत निघाला नाही, तर जपानी अनुवादकाला कोणाच्या परवानगीची गरज उरत नसे. ही सवलत जपानने १९८० च्या अखेरीस सोडली. १९७० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या कृतींना तिचा लाभ नंतरही राहिला. पाश्चात्त्य वाङ्मय आपल्या भाषेत आणू पाहणाऱ्या राष्ट्राने भाषेच्या गरजेला हक्कापुढे किती काळ उभे केले होते, हे ज्याला 'हौशी अनुवादक म्हणजे चोर' असे म्हणावयाचे असेल त्याने ध्यानात घ्यावे. दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या धोरणात शहाणपण होते.

अर्थात् आजच्या कायद्याविषयी संदिग्धता नाही. कलम ३२ वाङ्मयीन व नाट्यकृतींपुरते आहे, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे नाट्यकृतीत चित्रपट मोडत नाही. माकोतो शिंकाई यांची 'किमी नो ना वा' ही कथा २०१६ साली कादंबरी व चित्रपट या दोन्ही रूपांत आली. कादंबरीच्या मराठी अनुवादासाठी, निदान अध्यापनाच्या निमित्ताने, कलम ३२ चे दार ठोठावता येईल. चित्रपटाच्या मराठी सबटायटलांसाठी तेही दार नाही. कथा एक, पात्रे तीच, संवादही बरेचसे तेच. ही विसंगती हौशी अनुवादकाला निर्दोष ठरवीत नाही, पण त्याच्या कृतीचे नैतिक मोजमाप केवळ कायद्याच्या काठीने करता येणार नाही एवढे ती दाखविते.

याच चित्रपटातील एका प्रसंगाकडे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. नायिकेचे मन नायकाच्या देहात शिरले आहे. शाळेच्या गच्चीवर मित्रांशी बोलताना ती स्वतःसाठी 'वाताशी' हे सर्वनाम वापरते; मित्र चमकतात. मग 'वाताकुशी', मग 'बोकू', आणि शेवटी 'ओरे' म्हटल्यावर त्यांचे समाधान होते. इंग्रजीत प्रथमपुरुषी सर्वनाम एकच, त्यामुळे तेथे अनुवादक पेचात सापडतो. तेलुगूतही प्रथमपुरुषात क्रियापद लिंग दाखवीत नाही. मराठीला मात्र हे साधन घरचेच आहे: 'मी वाट चुकले' म्हणताच मित्रांनी चमकावे, आणि 'मी वाट चुकलो' म्हणताच निवळावे. मधल्या दोन पायऱ्यांसाठी 'आम्ही' आणि 'आपण' यांचा उपयोग करता येईल काय, हा वर्गात चर्चेला देण्याजोगा प्रश्न आहे. फक्त क्रियापद जपून निवडावे लागेल. कारण 'मी भात खाल्ला' यात बोलणारा मुलगा की मुलगी हे कळतच नाही, कर्मणी प्रयोग कर्त्याचे लिंग झाकून टाकतो.

असे काही सुचणे ही अनुवादकाची कमाई आहे, आणि ती परवानाधारकाच्या तिजोरीतून आलेली नाही. परंतु आपल्या हौशी मराठी अनुवादांत ही कमाई क्वचितच दिसते, हेही सांगितले पाहिजे. एका विद्यार्थ्याने मला स्वतः केलेल्या मराठी ओळी दाखविल्या. त्याने श्रम पुष्कळ घेतले होते, पण आधार इंग्रजी सबटायटलांचा होता, त्यामुळे आजी, मुख्याध्यापक, वर्गमित्र आणि देव या सर्वांना सरसकट 'तू'! जपानीतील संबोधनांची उतरंड इंग्रजीत सपाट झाली, आणि आपल्या 'तू', 'तुम्ही', 'आपण', 'दादा', 'ताई' या उतरंडीत ती पुन्हा उभी करण्याची संधी त्याने गमावली. तो दुसऱ्याच्या अनुवादाचा अनुवाद होता. आम्ही मराठीची सेवा करतो, असा दावा करणाऱ्याला हा हिशेब चुकविता येत नाही.

आता आक्षेपाकडे वळतो. तो गंभीर आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते. त्याला मराठी हौशी प्रत मिळाली नसती तर कदाचित त्याने पैसे मोजून हिंदी आवृत्ती पाहिली असती. तेव्हा 'मराठीत बाजारच नाही, मग कोणाचे नुकसान?' हा युक्तिवाद वाटतो तितका स्वच्छ नाही. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. आपले द्वैभाषिकत्व येथे दुहेरी अडचण करते. आपल्याला हिंदी कळते म्हणून मराठीत काढण्याचे कोणाला कारण नाही. आणि फुकट मराठी प्रत मिळते म्हणून मराठीची मागणी कोणाच्या हिशेबात उमटत नाही. दुसरी गोष्ट तरी आपल्या हातची आहे. 'वेदरिंग विथ यू' हा शिंकाई यांचाच चित्रपट ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात प्रदर्शित झाला, त्यामागे हजारो रसिकांनी केलेली विनंती होती. विनंती करणारे मोजता येतात, गुपचूप उतरवून घेणारे मोजले जात नाहीत.

म्हणून मला भेद करावासा वाटतो तो प्रत आणि ओळी यांत. चित्र, आवाज, संगीत यांत हौशी अनुवादकाचा एक कणही नाही. भिवंडीच्या भाषेत बोलावयाचे तर सूत दुसऱ्याचे आहे. परवाना आला, तो कोणत्याही भाषेचा असो, की संपूर्ण चित्रपटाची प्रत वाटण्याचे समर्थन संपले. पण सबटायटलांची स्वतंत्र फाइल ही निराळी वस्तू आहे. ज्याने अधिकृत मार्गाने चित्रपट मिळविला आहे तो त्या फाइलीच्या साहाय्याने मराठी ओळी वाचू शकतो. कंपनीचा पैसा कंपनीला मिळतो. कायदा येथेही परवानगी मागतो, कारण संवादांचा अनुवाद हा मालकाचाच हक्क आहे. तरीही नैतिक दृष्ट्या दोन्हींना एकाच पारड्यात टाकणे मला पटत नाही. कोणी विचारील की परवानगी मागितली तर ती कोण देणार? तरी मागावी. उत्तर न येणे ही सुद्धा नोंदविण्याजोगी गोष्ट आहे.

आणि अधिकृत मराठी अनुवाद निघालाच, पण तो वाईट असला तर? कालिदासाचे 'मेघदूत' कुसुमाग्रज, चिंतामणराव देशमुख, शांता शेळके यांनी आपापल्या परीने मराठीत आणले आणि ते अनुवाद शेजारीशेजारी नांदतात. पण तेथे मूळ कृती सर्वांची झालेली आहे. हक्काच्या मुदतीत असलेल्या कृतीबाबत मी, थोड्या नाखुशीने, असे म्हणेन की हौशी अनुवादकाने आपल्या ओळीही मागे घ्याव्यात. मराठीत पहिला पैसा घालणाऱ्याचा बाजार एवढासा असतो की सरस असलेली फुकट फाइल तो सहज बुडवू शकते. त्या वाईट अनुवादावर कडक समीक्षा लिहिण्याचा मार्ग मोकळाच आहे. आणि ती लिहिण्यास, ज्याने त्याच ओळींवर रात्री जागविल्या आहेत, त्याच्याहून अधिक लायक कोण?

हे सारे वर्गात मांडले तेव्हा एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले की विभागात ज्या छायाप्रती वाटल्या जातात त्यांचे काय. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठीचा अपवाद मान्य केला, असे उत्तर मी दिले. ते उत्तर बरोबर होते. पण त्या अपवादाचा लाभ मला माझ्या हुद्द्यामुळे मिळतो, आणि मराठी ओळी लिहिणाऱ्या तिच्या वर्गमित्राला मिळत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आले, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या मुलाने नंतर आपल्या ओळी पुन्हा हाती घेतल्या आहेत. या खेपेस त्याने जपानीची वर्णमाला शिकावयास घेतली असून, फाइलीच्या पहिल्या ओळीत 'इंग्रजीवरून' असे लिहावे की नाही, हे विचारावयास तो परवा आला होता. लिहावे, असे मी सांगितले.