हळदीतला बेंजो आणि आपली रॉकची व्याख्या

आपल्याकडच्या स्वतंत्र रॉक बँडचा इतिहास लिहायला घेतला की अभ्यासक थेट मुंबई गाठतात. १९८४ चं रॉक मशीन, १९९३ मध्ये त्याचंच झालेलं इंडस क्रीड, धोबीतलावच्या रंगभवनातला इंडिपेंडन्स रॉक. हा इतिहास खरा आहे, पण तो शहराचा आणि इंग्रजीत गाणाऱ्यांचा. रेल्वे न पोचलेल्या मुरबाडात विजेवर वाजणारा, कुठल्या कंपनीचा मिंधा नसलेला, निव्वळ सुपाऱ्यांवर जगणारा ताफा शोधायचा तर बेंजो पार्टीकडेच जावं लागतं. हळदीला, गणपतीच्या मिरवणुकीला ती टेम्पोतून येते, जनरेटरसकट.

या बेंजोचं अमेरिकी बँजोशी नातं नावापुरतंच. तो मूळचा जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून तैशोगोतो घडवला. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातानं तार छेडायची. कळेचा स्वर ठाम, त्यामुळे मींड जवळपास अशक्य. इलेक्ट्रिक गिटारवाला तार ताणून स्वराला रडवतो. बेंजोवाल्याला ती सोय नाही. गाणाऱ्याचा लांबलेला स्वर तो एकाच तारेवर झरझर छेड देऊन तगवतो. पिकअप लावून हा आवाज भोंग्यातून आला की त्याला जी धार चढते, ती माझ्या मते या पार्टीची खरी ओळख. कोळीगीताच्या झुलत्या ठेक्यावर ती चपखल बसते. संथ भावगीतावर मात्र कानाला टोचते.

पुढे कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. तोही जपानचाच: रोलँडनं तो १९८५ मध्ये बाजारात आणला. पार्टीचा पल्ला वाढला, पण ठेका सपाट झाला. ताशावाला नाचणाऱ्याचे पाय बघून वाजवतो. ऑक्टोपॅडवरही तसं वाजवता येतं, पण ऐकू येतात ते बहुधा ठरीव तुकडे.

मोठी उणीव वेगळीच. या पार्ट्यांकडे स्वतःची चाल क्वचितच असते. पैसे देणारा फर्माईश करतो, पार्टी वाजवते. स्वतंत्र म्हणवणाऱ्या बँडला हे परवडतं का? तरीही एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना जो जोड घेतात, तो कुणाच्या कॅसेटवर नसतो. तालमीत सापडलेला, त्या पार्टीचाच. संशोधकानं ध्वनिमुद्रित करावं ते हे जोड. गाणी काय, कुठंही मिळतात.

रवी जाधव यांच्या 'बँजो' (२०१६) या हिंदी चित्रपटानं या वादकांना पडद्यावर आणलं, हे मोठंच. पण तिथं वादकाची किंमत कळायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागते. हळदीच्या मांडवात ती किंमत बयाणा देतानाच ठरलेली असते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी मात्र शहर आणि गाव एका रांगेत बसवले. रुग्णालय-महाविद्यालयांच्या शेजारामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं रॉक थांबलं. इकडे रात्री दहाची मर्यादा आली. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. घरची हळद त्यात बसत नाही. मग पार्टी सुरुवातीची संथ गाणी गाळते आणि पहिल्या ठोक्यापासूनच नाचाचं वाजवते. जोड घ्यायला उसंत उरत नाही. शिवाय डीजेवाल्याला तालीम लागत नाही आणि सहा-आठ जणांना मजुरीही द्यावी लागत नाही. हा हिशेब यजमानालाही कळतो.