आनंदाच्या भाषेचा दुभाषी

मिखाएल एंडे यांच्या १९७९ सालच्या जर्मन कादंबरीतला फुखुर हा शुभंकर ड्रॅगन बहुतेकांना १९८४च्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ या चित्रपटामुळे ठाऊक असतो, आणि तोही ‘फाल्कोर’ या इंग्रजी नावाने. चित्रपटातला हा प्राणी लोभस आहे : कुत्र्यासारखा चेहरा, अंगभर लव. पुस्तकातल्या फुखुरला मोत्यासारखे शुभ्र खवले आहेत आणि माणकासारखे डोळे. त्याला पंख नाहीत, तरी तो हवेत पोहतो. रूपातला हा बदल मला खटकत नाही. खटकतो तो त्याच्या सौम्यपणाचा लावलेला अर्थ.

चित्रपटात फुखुर प्रथम येतो तो आत्रेयूला दलदलीतून उचलणारा तारणहार म्हणून. पुस्तकात तो प्रथम दिसतो इग्रामूलच्या जाळ्यात अडकलेला, स्वतःच मरणाच्या दारी. तरीही त्याची आशा सुटत नाही. एंडे यांच्या लेखी त्याचा सौम्यपणा हा असा चिवट गुण आहे.

त्याची खरी कसोटी उत्तरार्धात लागते आणि तो भाग या चित्रपटात नाहीच. सत्तेच्या धुंदीत बास्टियन आपल्या जिवलग मित्राला, आत्रेयूला, तलवारीने घायाळ करतो. त्या जखमीला पाठीवर घेऊन जातो तो फुखुर. पुढे बास्टियन स्वतःचे नावही विसरून जीवनजलाच्या झऱ्यापाशी पोचतो, तेव्हा ते पाणी त्याला प्रश्न विचारते. ते त्याला कळत नाहीत. फुखुरला कळतात, कारण आनंदाच्या साऱ्या भाषा त्याच्या मते एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. मित्राला जखमी करणाऱ्याचाच तो दुभाषी होतो. आत्रेयू बास्टियनच्या वतीने उत्तरे देतो आणि त्याने अर्धवट सोडलेल्या गोष्टी पुऱ्या करण्याची जबाबदारी घेतो. अनेक भाषांत वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको : अनुवाद इथे क्षमेचे काम करतो.

चित्रपटाच्या शेवटी मात्र बास्टियन फुखुरवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या मुलांना कचऱ्याच्या पेटीत उडी घ्यायला लावतो. प्रेक्षक हसतात. दुबळ्या मुलाच्या मनातली ही इच्छा खोटी नाही, हेही मान्य. पण कादंबरीतला ग्मोर्क हा लांडगा आधीच बजावून गेला आहे की कल्पनेच्या राज्यातले जीव ‘शून्या’त ओढले जाऊन माणसांच्या जगात आले, तर त्यांचे असत्य होते, मग त्यांचा वापर माणसांना झुलवण्यासाठी होतो. फुखुरला शहराच्या रस्त्यावर उतरवून चित्रपट नेमके तेच करतो. सोबती होता, त्याचे वाहन झाले. दुभाषी होता, त्याचा धाक झाला. एंडे यांनी या चित्रपटाला जाहीर विरोध केला होता. त्यामागची इतर कारणे बाजूला ठेवली, तरी हे एकच मला पुरेसे वाटते.

पुस्तकात फुखुर आपल्याच जगात राहतो. बास्टियन एकटा परततो, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर गप्प झालेल्या वडिलांना सारी हकिगत सांगतो. वडील रडतात. कल्पनेच्या राज्यातून मुलाने काय आणावे, या प्रश्नाला ही दोन उत्तरे आहेत : शत्रूवर सोडायला एक ड्रॅगन, किंवा घरातल्या मुक्या माणसाशी बोलता येईल अशी भाषा. फुखुरने बास्टियनला दुसरे दिले. ड्रॅगन घरी आणण्याची गरज त्यामुळेच उरली नाही.