सर्च जास्त म्हणजे कीवर्ड चांगला? भिंगारवर तपासून पाहू

संशोधनाच्या विषयावर वेबसाइट काढायची म्हटलं की एसईओचा पहिला सल्ला ठरलेला असतो: ज्या शब्दाला सर्च जास्त, तो कीवर्ड घ्या. जाहिरातदाराला हा सल्ला चालतो. संशोधकाला तो अपुरा पडतो.

समजा, विषय आहे भिंगारच्या लष्करी छावणीचा इतिहास. शहराचं नाव कोणतं घ्याल? २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. बोलताना लोक नुसतं ‘नगर’ म्हणतात. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये ‘अहमद’चं स्पेलिंगसुद्धा आजच्यापेक्षा वेगळं आहे. औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारला वारला, पण अनेक पुस्तकांत जागा म्हणून अहमदनगरच दिसतं. म्हणजे नुसतं ‘अहिल्यानगर’ घेतलं, तर जुनी कागदपत्रं शोधणारा वाचक तुमच्यापर्यंत पोचणं अवघड. नुसतं ‘अहमदनगर’ घेतलं, तर नवीन नाव टाकून शोधणारा विद्यार्थी सुटू शकतो. आणि ‘नगर’ घेतलं, तर राज्यातल्या सगळ्या ‘अमुक नगरां’च्या गर्दीत तुमचं पान हरवणार.

इथे आकडे मदत करतात, पण ते काय मोजतात ते आधी बघा. गूगल ट्रेंड्समधला १०० म्हणजे शंभर सर्च नव्हेत. निवडलेल्या काळातला आणि भागातला तो सर्वोच्च बिंदू. बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत असतात. शिवाय ‘सर्च टर्म’ निवडली की तेवढाच शब्द मोजला जातो, ‘टॉपिक’ निवडला की वेगवेगळ्या भाषांतले आणि स्पेलिंगमधले शोध एकत्र येतात. दोन्ही आलेख शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर तो चुकणारच. कीवर्ड प्लॅनर तर मुळात जाहिरात देणाऱ्यांसाठी बनवलेलं साधन आहे. छावणीच्या इतिहासासारख्या विषयाला तिथे आकडा नगण्य दिसेल. म्हणून विषय निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही.

मग सगळी नावं प्रत्येक ओळीत कोंबायची? तेही नको. अशी भरताड गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जाते. पानामागच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

त्यापेक्षा एका पानाला एकच प्रश्न ठेवा. शीर्षकात ‘भिंगार छावणी’ येऊ द्या. पहिल्या परिच्छेदात ‘अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)’ असं एकदा सरळ लिहा. जुनं स्पेलिंग जिथे मूळ कागदाचा संदर्भ येतो तिथे द्या. स्वतः साहित्य शोधतानाही हीच नावं वहीत मांडून एकेक टाकून बघा, आणि कोणत्या तारखेला कोणता शब्द टाकला ते लिहून ठेवा. व्हायव्हात ‘एवढंच साहित्य मिळालं का?’ असं विचारलं, तर दाखवायला तीच नोंद लागते.

शेवटी कीवर्ड निवडणं म्हणजे आपलं काम कोणाला सापडेल हे ठरवणं. तो निर्णय नुसत्या आकड्यावर सोडू नका.