ताटलीवरील वनस्पती

जुन्या युरोपीय चिनी मातीच्या ताटल्या जमविणारा शौकीन ताटली हाती येताच ती उलटी करतो. पाठीवरचा शिक्का पटला, की चित्र पाहण्याची निकड त्याला उरत नाही. ही रसिकाची नव्हे, सराफाची रीत झाली. कोपनहेगनचा 'फ्लोरा डॅनिका' हा भोजनसंच मात्र त्याला ताटली पुन्हा सुलटी करावयास लावतो. कारण तेथे पाठीवर तीन निळ्या लाटांच्या शिक्क्यासोबत वनस्पतीचे लॅटिन नावही असते.

युवराज फ्रेडरिकच्या आज्ञेवरून १७९० मध्ये आरंभिलेले हे काम १८०२ मध्ये थांबले, तेव्हा नगही १८०२ च भरले होते! चित्रे बहुतांशी एकट्या योहान क्रिस्टोफ बायरची. ओडरने १७६१ मध्ये आरंभिलेल्या डॅनिश वनस्पतींच्या ग्रंथावरून त्याने ती उतरविली. गुलाबांच्या गुच्छांची रूढी मोडून त्याने मुळासकट उपटलेले तण राजाच्या जेवणाच्या पात्रात मांडले. कित्येकदा रोपटे ताटलीच्या गोलाला जुमानीत नाही, ते थेट काठावर चढते. शोभेच्या दृष्टीने हे उणेच. पण त्या अवघडलेपणात वनस्पती जिवंत राहिली आहे.

१८६३ मध्ये राजकन्या अलेक्झांड्राचा विवाह झाला, त्या निमित्ताने हा नमुना पुन्हा हाती घेण्यात आला. पुढच्या ताटल्याही हातानेच रंगविलेल्या, आणि अधिक नेटक्या. मात्र त्यांत मला वनस्पतीपेक्षा नक्षी अधिक दिसते. मूळचे सुमारे दीड हजार नग डेन्मार्कच्या राजसंग्रहात आहेत. बाजारात येते ती बहुधा ही नेटकी पिढीच.