टाकून द्यायचे ते काय?

फ्रेडरिक ब्रूक्स यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ १९७५ साली निघाले. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या उभारणीची सूत्रे त्यांच्याकडे होती. तिथल्या अनुभवाचे हे निबंध आहेत. त्यांतल्या दोहोंचा मला येथे एकत्र विचार करावयाचा आहे. कारण ते एकमेकांशी भांडतात, असे मला वाटते.

पहिला ‘दुसऱ्या प्रणाली’विषयी. रचनाकार आपली पहिली प्रणाली भीतभीत, आटोपशीर करतो. सुचलेल्या नाना सोयी तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवतो आणि दुसऱ्या प्रणालीत त्या साऱ्या एकदम आत शिरतात. म्हणून दुसरी सर्वांत धोक्याची. ब्रूक्स दाखला देतात तो घरचाच. लीप वर्षातला ३१ डिसेंबर हा वर्षाचा ३६६वा दिवस. त्या दिवशी तारीख बिनचूक उलटावी म्हणून ओएस/३६०ने २६ बाइट स्मृतीत कायमचे वस्तीला ठेवले होते! चार वर्षांतून एकदा येणारे हे काम यंत्र चालवणाऱ्या माणसावर सोपवता आले असते.

दुसरा निबंध कच्च्या नमुन्याविषयी. रसायनांचे अभियंते प्रयोगशाळेतून थेट मोठ्या कारखान्यात जात नाहीत. मध्ये लहानसा प्रायोगिक कारखाना उभारतात. तद्वत् पहिली प्रणाली टाकून देण्यासाठीच करा, कारण एरवीही ती टाकावीच लागते, असे ब्रूक्स सांगतात.

पण पहिली टाकली तर गिऱ्हाइकाच्या हाती पडते ती दुसरीच! एक निबंध जिच्यापासून सावध करतो, तिच्याच दारी दुसरा आपल्याला नेऊन सोडतो. दुसरी प्रणाली म्हणजे रचनाकाराच्या आयुष्यातली दुसरी, त्याच कामाची दुसरी आवृत्ती नव्हे, असा बचाव करता येईल. तथापि मोह तोच. नमुना चालताना दिसला की ‘आता हेही घाला’ असे प्रत्येकालाच सुचते.

१९९५च्या आवृत्तीत ब्रूक्स यांनी आपला हा गाजलेला सल्ला स्वतःच खोडला. लहान पण चालती प्रणाली आधी उभी करावी आणि ती हळूहळू वाढवावी, असे त्यांनी तेव्हा म्हटले. हा प्रामाणिकपणा विरळा. परंतु वाढवण्याची मुभा म्हणजे नव्या सोयींना रोजच उघडे दार. म्हणूनच त्याच आवृत्तीतली एक साधी सूचना मला अधिक मोलाची वाटते: प्रणाली कोण वापरणार, त्याला काय हवे, किती वेळा हवे, याचे अंदाज आकड्यांत लिहून काढा. अंदाज चुकला तरी चालेल, मोघम राहता कामा नये. लिहिलेल्या आकड्याशी वाद घालता येतो; मनातल्या हौसेशी येत नाही. त्या २६ बाइटांना असा कागद आडवा आला असता.

पहिली प्रणाली टाकण्याचा सल्ला अनेकांना मुखोद्गत आहे. त्यांनी ही सूचनाही वाचावी; नमुन्याबरोबर काय टाकायचे, ते तिच्यातच कळते.