नैसर्गिक सांडपाणी-शुद्धी : एका संज्ञेची चिकित्सा

ग्रामीण सांडपाण्यासंबंधीच्या अलीकडील लेखनात 'नैसर्गिक शुद्धी' ही संज्ञा वारंवार आढळते. वनस्पती, माती, सूर्यप्रकाश व सूक्ष्मजीव यांच्याकडून पाणी शुद्ध करून घ्यावयाचे, यंत्रे व वीज शक्यतो टाळावयाची आणि ते पाणी पुन्हा शेतीस द्यावयाचे, असा तिचा आशय आहे. आशय ग्राह्य आहे. संज्ञा मात्र दिशाभूल करते. निसर्ग आपले काम आपणच उरकील, अशी समजूत तिने रूढ होते. आणि तळ्याकाठच्या वा नदीकाठच्या गावास ही समजूत महाग पडते.

या पद्धतीच्या समर्थनार्थ पूर्व कोलकात्याच्या पाणथळींचा दाखला बहुधा दिला जातो. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश २००२ साली रामसर यादीत समाविष्ट झाला. शहराचे सांडपाणी तेथील 'भेरी' नामक उथळ मत्स्यतलावांत घेतले जाते. ऊन, शैवाल व सूक्ष्मजीव यांच्या योगे त्यातील घाण विघटित होते आणि मासे पोसले जातात. ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे मांडले. परंतु पाणी केव्हा व किती आत घ्यावयाचे, जलपर्णी कोठे राखावयाची आणि कोठून काढावयाची, हे तेथील मच्छीमार अनुभवाने ठरवितात. ते कसब वगळून दिलेला दाखला अर्धाच ठरतो.

दुसरी बाब जमिनीची. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचे प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. हजार वस्तीच्या गावात त्यापैकी चार-पंचमांश पाणी सांडपाणी होते असे धरल्यास रोजचे ४४ घनमीटर होतात. खडी व वेतगवताच्या वाफ्यात हे पाणी तीन दिवस ठेवावयाचे, खडीतील पोकळी ४० टक्के आणि पाण्याची खोली ०.६ मीटर मानावयाची, तर वाफ्यासच ५५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे जागा लागते. ही जागा कोणाची, हा प्रश्न योजनेच्या आराखड्यातच सुटला पाहिजे.

जलाशयाच्या सान्निध्यात अडचण अधिक सूक्ष्म होते. भूजल उथळ असल्यास शोषखड्ड्यातील पाणी मातीत पुरेसे गाळले जाण्यापूर्वीच विहिरीस वा तळ्यास मिळते. वाफ्याचा तळ अभेद्य केला तरी फॉस्फरसचा प्रश्न उरतो. तो मुख्यत्वे खडीस चिकटतो आणि खडीची क्षमता कालांतराने संपते. वनस्पती शोषतात तो अंश कापणी करून बाहेर नेला नाही, तर कुजून पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे दिसावयास निर्मळ असलेले पाणीदेखील तळ्यात शैवाल व जलपर्णी माजविते. तोच फॉस्फरस शेतात खत ठरतो. यास्तव अशा गावी पुनर्वापर हा शुद्धीचा जोडलाभ नसून तिचा उत्तरार्ध होय. पावसाळ्यात मात्र शेतास या पाण्याची गरज नसते, आणि नाल्यांतील पावसाचे पाणी मिसळल्याने वाफ्यातील मुक्कामही घटतो. या चार महिन्यांची तरतूद नसलेली योजना ऐन पुराच्या दिवसांत तळ्याकडेच वाट काढते. शिवाय शेतातील वापरही निर्धोक मानता येत नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली १०० मिलिलिटरमागे १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंची मर्यादा सांगितली होती. २००६ च्या मार्गदर्शनात पिकाची निवड व पाणी देण्याची रीत यांवरही भर दिला. ही दक्षता घेणारा माणूस गृहीत धरावाच लागतो.

येथेच सर्वांत अवघड प्रश्न उपस्थित होतो. गाळकुंडी उपसणे, वेतगवत कापणे, तुंबलेली खडी धुणे ही कामे कोणी करावयाची? महाराष्ट्राच्या गावगाड्यात घाणीचे काम जातीने वाटले जात असे. वेतन, साधने व जबाबदारी यांचा निर्देश न करता 'देखभाल ग्रामपंचायतीने करावी' एवढेच लिहिले, तर ते काम निमूटपणे त्याच वस्तीकडे परत जाण्याची भीती राहते. जी योजना निसर्गाच्या नावाने मनुष्याचे श्रम अदृश्य करते, तिचा अल्पखर्च हा वस्तुतः कोणीतरी न घेतलेला मोबदला असतो.

यावरून ही पद्धती त्याज्य ठरत नाही. लहान गावास ती सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि तिचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी वाफ्यात डोलणाऱ्या हिरवळीवरून करू नये. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तळ्याचे पाणी कसे आहे आणि गाळ उपसणाऱ्याच्या हाती काय पडते, या दोन कसोट्यांवर ते झाले पाहिजे.